लोणारचा गुलाबी रंग, आणि सहल नक्की कधी न्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या बाईंना नववीची मुलं घेऊन लोणारला जायचंय. 'ज्वालामुखीच्या विवरातला गुलाबी तलाव' मुलांनी मोबाईलवर बघितलाय. तो रंग दिसायला कोणत्या महिन्यात जावं, जगात असे रंगीत तलाव आणखी कुठं आहेत, आणि बेळगावहून एवढ्या लांब पोरांना नेण्यासारखं तिथं काही आहे का, असं त्या विचारतात.

बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नेण्यासारखं आहे, जरूर न्या. फक्त मुलांना गुलाबी रंगाचं वचन देऊ नका. तो रंग कॅलेंडर बघून येत नाही. तलावात पाणी किती उरलंय आणि ते किती खारट झालंय, यावर सगळं असतं. ही गोष्ट एकदा लक्षात आली की कोणत्या ऋतूत काय दिसेल ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

त्याआधी ज्वालामुखीचं निस्तरू. लोणारचं विवर ज्वालामुखीचं नव्हे, उल्का आदळून झालेलं आहे. घोटाळा होतो तो दगडामुळं, कारण दगड लाव्ह्याचाच आहे. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, थरावर थर बसत गेला आणि थंड झाला. आपल्या निपाणी-चिकोडीकडं विहिरीत लागतो तो काळा पत्थर त्याच लाव्ह्याचा. लोणारच्या विवराच्या वयाबद्दल मात्र दोन आकडे आहेत. एका पद्धतीनं ते सुमारे ५२,००० वर्षं निघालं, आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजलं तेव्हा सुमारे ५,७०,००० वर्षं. यातला कुठलाही आकडा धरा, लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर हा खड्डा पडलाय. तेव्हा इथं ज्वालामुखी जिवंत उरलाच नव्हता.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर कित्येक वर्षं भलेभले याला ज्वालामुखीचंच तोंड समजत होते, तेव्हा तुमच्या मुलांना हसू नका. विवराच्या तळात भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा वाद मिटला. त्या दगडात मॅस्कलिनाइट सापडलं. बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्ह्याच्या या काळ्या दगडातलं, फेल्डस्पार हे खनिज प्रचंड दाबाचा धक्का एका क्षणात बसला, तरच वितळल्याशिवाय काचेसारखं होतं; तेच मॅस्कलिनाइट. ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही.

मुलांना मॅस्कलिनाइट दाखवता येणार नाही, पण दुसरा पुरावा उघड्या डोळ्यांनी दिसतो. पन्हाळ्याला जाताना डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते लाव्ह्याचे सपाट थर. लोणारच्या आसपासच्या माळावरही ते तसेच आडवे आहेत. विवराच्या कडेला दगड जिथं उघडा पडलाय तिथं मात्र तेच थर उचलले गेलेत आणि तलावाकडं पाठ करून बाहेरच्या बाजूला कललेत. उल्का मधे आदळून झालेल्या स्फोटानं कडा बाहेर उलटल्याचा तो पुरावा. कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण २० मीटर उंच आहे, ती याच कारणानं. मुलांना वहीत थराची रेघ आणि कल एवढंच काढायला सांगा. एकदा चारही दिशांना कल बाहेरचाच निघाला की पोरं आपण होऊन विचारतात, 'सर, मग मधे काय झालं होतं?' तिथं धडा सुरू करायचा.

आता आकार. कडेपासून कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, कडेवरून तळ जवळपास १३५ ते १५० मीटर खोल, आणि मधे साधारण १.२ किलोमीटर रुंदीचं पाणी. या परातीला बाहेर जायला वाट नाही. पाऊस आत येतो, कडेजवळ 'धार' म्हणतात तिथला गोमुखाचा झरा बारा महिने आत येतो, आणि पाणी बाहेर जातं ते फक्त वाफ होऊन. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. बेसॉल्ट झिजून सुटलेलं सोडियम हजारो वर्षं तळाशी साठत गेलं आणि पाण्यात सोड्याचं राज्य झालं. सामू (पीएच) दहाच्या घरात. पूर्वी या तलावातून सोडा काढून विकत असत, आणि काच व साबण करायला तो वापरतात अशी नोंद अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे.

अशा पाण्यात आपल्या राकसकोपच्या तलावातलं काही जगत नाही. ज्यांना हेच पाणी मानवतं ते जीव मात्र अमाप वाढतात, आणि तलावाला रंग त्यांचा असतो. एरवी वर्षाचा बराच काळ पाणी हिरवं दिसतं, कारण त्यात स्पिरुलिनाच्या जातीचं नीलहरित शेवाळ दाट झालेलं असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं आणि खारटपणा एका मर्यादेपलीकडं गेला, की हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव वरचढ होतात. गाजरात असतं त्या जातीचं रंगद्रव्य ते उन्हापासून बचावासाठी अंगात बाळगतात. गुलाबी रंग तो.

मुलांनी बघितलेला फोटो बहुतेक जून २०२० चा असणार. त्या वर्षी २५ मेच्या उपग्रहचित्रात तलाव हिरवा आहे आणि १० जूनच्या चित्रात गुलाबी. मधे जेमतेम सोळा दिवस. लॉकडाऊनमुळं निसर्ग खुलला वगैरे गोष्टी तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या, त्यात तथ्य नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा हॅलोआर्किया सापडले. नमुना नुसता ठेवून दिला तर जीव खाली बसले आणि वरचं पाणी निवळ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, त्यातल्या जिवांचा होता. पुढं पाऊस लागला, पाणी पातळ झालं आणि रंग गेला.

तेव्हा गुलाबी रंगासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आधीचा पावसाळा बेताचा, उन्हाळा कडक, आणि वळीव फारसा नाही. जुळल्याच तर मेअखेर ते पहिला मोठा पाऊस, एवढीच खिडकी. आता तुमची अडचण बघा. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या त्याहून उशिरा. कर्नाटकाच्या शाळा मेअखेरीला सुरू होतात. म्हणजे रंगाची वेळ येते तेव्हा तुमची पोरं नव्या वर्गात पुस्तकांची वाट बघत बसलेली असतात, आणि सुट्टी असते तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, बुलढाण्यात पारा चाळिशीपार असतो. चाळीस मुलांना त्या उन्हात विवरात उतरवून परत चढवायचं मी कुणालाच सुचवणार नाही.

मोठ्यांनी उन्हाळ्यात जावं का? मला विचाराल तर भूशास्त्र बघायला तोच ऋतू सगळ्यात चांगला. उतारावरची झाडं निष्पर्ण असतात, त्यामुळं विवराचा सगळा आकार उघडा पडतो. पाणी मागं सरकलं की काठावर पांढऱ्या क्षाराचा पट्टा दिसतो, त्यावर पाय ठेवला की वरचा पापुद्रा कर्रकन मोडतो आणि खालचा चिखल काळा निघतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्या चिखलातल्या हायड्रोजन सल्फाइडचा. मार्चमध्ये गेलात तर वर पळस फुललेला असतो आणि ऊन अजून सोसवण्यासारखं असतं. पहाटे उतरा, साडेनऊपर्यंत वर या. पक्षी मात्र थोडेच उरतात.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही. वरून बघायला हिरवंगार, फोटो छान येतात, पण पायवाट निसरडी होते, झाडीत साप असतात आणि पाण्याला काठ उरत नाही. जास्त पावसाच्या वर्षांत पाणी चढून काठावरची जुनी देवळं पाण्यात जातात, तलावाभोवतीची वाट तुटते. आंबोली-चोर्ला बघितलेल्या बेळगावकराला नुसत्या हिरवाईसाठी एवढी मजल मारायचं कारण नाही.

दसऱ्याच्या सुट्टीचा मोह होईल. ती सुट्टी आणि काठावरच्या कमळजा देवीची नवरात्रातली जत्रा एकाच वेळी येते. भाविक म्हणून जायचं तर जरूर जा. अभ्यास सहलीला ती गर्दी झेपत नाही, शिवाय पाणी तेव्हा वर्षातलं सगळ्यात जास्त असतं.

राहिला हिवाळा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीची अखेर, ही माझी शिफारस. आपल्याकडं शाळांच्या सहलीही तेव्हाच निघतात. १२ जानेवारीच्या मागंपुढं मात्र जाऊ नका. त्या दिवशी जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला लाखो माणूस लोटतं, आणि जालन्याहून लोणारचा रस्ता तिथूनच जातो. तारीख चुकवून गेलात तर जिजाऊंचं जन्मस्थान शांतपणे दाखवून होतं.

हिवाळ्यात पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं असतं. पोरं थोडी हिरमुसतील, 'गुलाबी कुठाय?' म्हणतील. दहा मिनिटांत विसरतील, कारण काठावर पक्षी असतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात मान खाली घालून क्षारमाश्या टिपत असतो. चक्रवाकाच्या जोड्या असतात, टिबुकल्या बुड्या मारत असतात. उतारावरच्या झाडीत मोर, वानरं, एखादी घोरपड. सगळ्या विवरात मिळून दीडशेच्या आसपास जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. शाळेत एखादी दुर्बीण असेल तर ती न्याच, चार मुलांत एक पुरते.

आता एक प्रयोग सांगतो, खर्च शून्य. घरून हळदीचे कागद करून न्या. हळद पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवून, टिपकागदाला लावून वाळवायची आणि बोटभर पट्ट्या कापायच्या. निघायच्या आधी वर्गात एक पट्टी पापडखाराच्या पाण्यात बुडवून दाखवा. ती लालसर तपकिरी होते, कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागल्यावर होतो तशीच. लोणारला गेल्यावर पहिली पट्टी वर धारेच्या झऱ्याला लावायची. पिवळी ती पिवळीच राहते, गोडं पाणी. दुसरी खाली तलावाच्या काठाला लावायची, पाणी लागताच लाल होते. दोन्ही पट्ट्या वहीत शेजारी शेजारी चिकटवायच्या. एकाच विवरात, थोड्या अंतरावर, दोन पाणी आणि दोन स्वभाव. मी शिकवलेली मुलं सामूची व्याख्या विसरली असतील, या पट्ट्या नाही विसरली.

पट्टी ओली करण्यापुरताच पाण्याशी संबंध ठेवा. बाटलीत पाणी भरून आणायचं नाही, दगड खिशात घालायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. हे अभयारण्य आहे, २००० मध्ये जाहीर झालेलं, आणि २०२० पासून रामसर यादीतही, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतरचं ते दुसरं रामसर स्थळ. चिखल वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय घोट्याच्या वर जातो, म्हणून मुलांना पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडंच थांबवा. होकायंत्र असेल तर ते मात्र वापरू द्या. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, काही दगडांजवळ सुई हलते. त्यावरून उल्केचं लोखंड इथं पुरलंय असं सांगणारे भेटतील. तसं नाही, सुई ओढणारं लोखंड बेसॉल्टच्या स्वतःच्या अंगातलं आहे.

दैत्यसूदन मंदिर गावात आहे, विवरात नाही, त्यामुळं ते दुपारी ठेवा. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सावकाश बघण्यासारखी आहेत. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमलबस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, मुलांना आधी दाखवून ठेवलीत तर आपल्याकडचे गुळगुळीत घडवलेले खांब आणि तिकडचं काम यांतला फरक ती स्वतः बोलून दाखवतील. लवणासुराला विष्णूनं इथं मारल्याची कथा वाटाड्या सांगेलच, त्याला मधे तोडू नका. गावाजवळच अंबर तळं म्हणून एक लहान खळगा आहे. उल्केचा तुकडा पडून तो झाला असं कुणी म्हणतं, संशोधकांचं त्यावर एकमत नाही. वेळ उरला तरच तिकडं वळा.

जगात आणखी रंगीत तलाव कुठं, हा तुमचा दुसरा प्रश्न. खऱ्या ज्वालामुखीच्या तोंडातले तलाव बरेच आहेत, पण त्यांचं गणित लोणारच्या उलटं. तिथं पाणी सोड्याचं नसतं, आम्लाचं असतं, आणि रंग बहुतेक खनिजांचा असतो, जिवांचा नाही. इंडोनेशियात फ्लोरेस बेटावर केलिमुतू नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी तीन तलाव, तिघांचे रंग वेगळे, आणि खालून येणाऱ्या वायूंप्रमाणं ते एकमेकांशी न जुळता बदलत राहतात. जपानमधल्या झाओ डोंगरावरचं ओकामा हे तुमच्या 'कोणत्या ऋतूत' या प्रश्नाला जास्त जवळचं. साधारण ३०० मीटर रुंदीचं विवर, पाणी इतकं आम्लयुक्त की त्यात मासे नाहीत, आणि उन्हाच्या कोनाप्रमाणं ते पाचूसारख्या हिरव्यापासून निळसर राखाडीपर्यंत छटा बदलतं. वर जाणारा रस्ता बर्फामुळं नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत बंद असतो. रस्ता उघडतो तेव्हा दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि तलाव अजून गोठलेला, म्हणजे रंग नाहीच. रंग बघायचा तर जून ते ऑक्टोबर. त्यातही धुकं आलं तर कठड्याला टेकून पांढरा पडदा बघत बसायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवा निवळ असायची शक्यता जास्त, आणि उतारावरची पानं लाल झालेली असतात. इकडच्या कुणाचा मुलगा-सून जपानात असतील तर त्यांना हाच महिना सांगा.

शेवटी जाण्याचं. बेळगावहून लोणारला थेट गाडी नाही. रस्त्यानं विजापूर, सोलापूर, तुळजापूर, बीड, जालना असं सहाशे किलोमीटरहून जास्त पडतं. एका दमात करू नका, पहिला मुक्काम तुळजापूरला टाका. दर्शनही होतं आणि पालकांची परवानगी पटकन मिळते, हा अनुभवाचा सल्ला. दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा करून संध्याकाळी लोणार. कडेवर उभं राहून मावळतीला एकदा वरून बघून घ्या, उतरायचं मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे. विवरात दुकान नाही, प्रत्येकाकडं पाण्याच्या दोन बाटल्या हव्यात. चढताना मुलं नाही, शिक्षकच मागं पडतात.

परतीला वेरूळ-अजिंठा जोडायचं असेल तर वार मोजून घ्या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणजे लोणार रविवारी सकाळी आलं तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम बसतो.

गाडी केए पासिंगची असेल तर महाराष्ट्राचा परवाना काढलाय का, हे चालकाला नाही, मालकाला विचारा, आणि कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा. निघायच्या आठवडाभर आधी लोणारच्या वनविभागाच्या कार्यालयात फोन करून दोनच गोष्टी विचारा: कमळजा देवीपर्यंतची वाट खुली आहे का, आणि शाळेच्या गटासाठी वाटाड्या मिळेल का. पहिल्याचं उत्तर 'पाणी आलंय' असं मिळालं, तर सहल रद्द करायची गरज नाही. धारेच्या बाजूनं उतरून पाण्याच्या काठाशी थांबायचं, पट्ट्या लाल करायच्या आणि वर यायचं.